दाराखालचा ओला टॉवेल

१

चौदा नंबरचं दार उघडेना.

लेते शाळेतून मुलीला घेऊन आली होती, दोघी पावसाने निथळत होत्या. कुलूप नव्हतं, पण दार आतून कशाला तरी अडत होतं.

"रुतेंडो! अगं ए बाई, झोपलीस का काय? टॉवेल काढ ना खालचा!"

शेजारी पंधरा नंबरमध्ये तय्यब कपाळाला रुमाल आवळून पडला होता. आठवडाभर त्याचं डोकं ठणकत होतं. लेतेची तिसरी हाक आली तेव्हा तो उठून बाहेर आला. त्या हाकेत चिडणं संपून दुसरंच काही सुरू झालं होतं, आणि असला आवाज तो ओळखायचा. सुदानमधल्या ओबेद शहरात पोलिस इन्स्पेक्टर म्हणून त्याने जन्म काढला होता.

टॉवेलचं काय आहे ते इथे कोणाला सांगावं लागत नाही. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे बंद पडलेलं हॉटेल सरकारने आश्रय मागायला आलेल्यांसाठी घेतलं, चालवायला एका कंपनीला दिलं, आणि कंपनीने नियम केला की खोलीत चूल नाही, शेगडी नाही, साधी चहाची किटलीसुद्धा नाही. खाली भोजनगृहात जे मिळेल ते खायचं. रोज उकडलेली कोंबडी आणि बटाटे खाऊन माणूस किती दिवस काढणार? म्हणून प्रत्येक पलंगाखाली काही ना काही लपवलेलं असे. धुराच्या घंटेवर प्लास्टिकची टोपी चढवायची, दाराच्या फटीला ओला टॉवेल दाबायचा, म्हणजे वास बाहेर जात नाही. पुढे पुढे तर काही शिजत नसलं तरी लोक टॉवेल लावायला लागले. मॅनेजर बाहेर उभा राहून ऐकतो अशी सगळ्यांची खात्री होती.

तय्यबने खांदा लावला. टॉवेल घसपटत मागे सरला आणि दार उघडलं.

खिडकी बंद होती. रुतेंडो भिंतीकडच्या पलंगावर कुशीवर झोपली होती, गळ्यापर्यंत पांघरूण, अंगाला निलगिरीच्या बामाचा वास. सर्दी झाली म्हणून दुपारपासून पडून होती बिचारी. लेतेच्या खोलीत राहणारी झिंबाब्वेची ही हसरी बाई, हॉटेलच्या अख्ख्या मागच्या इमारतीची लाडकी. तय्यबने तिचा चेहरा आपल्याकडे वळवला आणि त्याचा हात तसाच थांबला. तिचे ओठ लालचुटुक झाले होते, नखंही तशीच.

हे ओठ त्याने पाहिले होते. ओबेदच्या थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेली अख्खी कुटुंबं त्याने उचलली होती.

"उचल! पाय धर! बाहेर, बाहेर घे तिला!"

दोघांनी तिला ओढत मार्गिकेत आणलं. सारोन, लेतेची मुलगी, भिंतीला चिकटून किंचाळत होती. मॅनेजर फर्गल धावत आला, त्याच्या मागून त्याची पडेल ती कामं करणारा झुराब आला, मग रुग्णवाहिका. सगळ्यांना पावसात अंगणात काढलं. रुतेंडोला जागं करायला कोणालाच जमलं नाही.

संध्याकाळी गावातल्या ठाण्यातून सार्जंट ब्रीडा आल्या. लेतेला अरबी येई, इंग्रजी फारसं नाही, म्हणून दुभाषा म्हणून तय्यबला खोलीत नेलं. दोन पलंगांच्या मध्ये, खाली लिनोलियमवर, मातीची छोटी शेगडी होती. तीत विझलेले कोळसे आणि राख. शेजारी लांब मानेचं कॉफीचं मडकं, आणि एक कप.

लेतेने तय्यबची बाही घट्ट धरली.

"अम्मो, काका," ती अरबीत पुटपुटली, "शेगडी माझी आहे. मडकंही माझंच. पण अल्लाची शपथ म्हण, मरियमची म्हण, दार उघडलं तेव्हा हे सगळं इथे नव्हतं."

२

दुसऱ्या दिवशी दवाखान्याने सांगितलं तेच तय्यबने ओठांवरून ओळखलं होतं. रक्तात विषारी वायू होता, कोळशाच्या धुरात असतो तोच. फर्गलने भोजनगृहात सगळ्यांना जमवून ते वाचून दाखवलं आणि वर आपलं एक वाक्य चिकटवलं, "नियम का असतात ते आता कळलं ना, मित्रांनो?"

लेतेला परवा सकाळी ठाण्यात न्यायचं ठरलं. निष्काळजीपणे माणूस मारल्याचा गुन्हा. सारोनला सरकारी बाई घेऊन जाणार, कुठे ते कोणी सांगेना. आश्रयाचा अर्ज तर मातीतच गेला म्हणायचा, खुनाचा डाग लागलेल्या बाईला कोण ठेवून घेतंय?

लेते तय्यबच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"तू पोलिस होतास."

"होतो. म्हणूनच इथे माझ्याशी कोणी धड बोलत नाही."

"मीही बोलत नव्हते. माझ्या देशात तुझ्यासारखेच लोक मला घरोघर शोधत होते." तिचे डोळे कोरडे होते. "आयुष्यात एकदा पोलिसाने माझ्यासाठी काहीतरी शोधावं, एवढंच मागते."

"लेते, खरं सांग. सकाळी निघताना पेटवली होतीस का? विसरली असशील. माणूस विसरतो."

"तू पण?" ती मागे सरकली. "माझी मुलगी झोपते त्या खोलीत! मी कोळसा पेटवून दार लावून जाईन?"

तय्यबला भीती वाटत होती, आणि ती कबूल करायला लाज वाटत होती. त्याच्या अर्जाचा निकाल केव्हाही यायचा होता. कालच फर्गलने जिन्यात त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, "दुभाष्याचं काम झकास केलंस. आता बाकी पोलिसांना करू दे हां. उगाच नाक खुपसणाऱ्यांची मला दुसरीकडे सोय करावी लागते." दुसरीकडे म्हणजे तंबू. डोंगराच्या कुशीत चिखलात ठोकलेले तंबू. तिथे गेलेल्या माणसांचे फोन येणंसुद्धा बंद होतं.

त्याहून जास्त त्याला स्वतःचा राग येत होता. रुतेंडोला उचलायला खोलीत शिरलेला पहिला माणूस तोच. शेगडी तेव्हा होती की नव्हती? डोकं एवढं गरगरत होतं की तिच्या चेहऱ्यापलीकडे त्याने काही पाहिलंच नव्हतं. वाहवा रे इन्स्पेक्टर!

पण संध्याकाळी सार्जंटबाईंबरोबर पाहिलं ते मात्र लख्ख आठवत होतं. त्याने डोळे मिटले आणि ती खोली पुन्हा समोर आणली. राख, मडकं, कप. खालचं पिवळट लिनोलियम.

त्याने खाडकन डोळे उघडले.

"लेते, कॉफी कधी एकटी पितेस?"

ती त्याच्याकडे वेड्यासारखी पाहू लागली. "एकटी? अम्मो, बुन कोणी एकटं पितं का? दारावरून जाणाऱ्याला ओढून आणतो आम्ही! तीन फेऱ्या व्हाव्या लागतात. एकटीने पिणाऱ्या बाईला आमच्याकडे लोक विचारतात, घरात कोण मेलं?"

"आणि रुतेंडो?"

"ती कॉफीला शिवायची नाही. छातीत धडधडायचं तिच्या. ती चहा घेऊन बसायची आमच्यात."

मग तो एकुलता एक कप कोणासाठी मांडला होता?

३

बारा नंबरमधली ओमोलारा म्हणजे नायजेरियाचा भोंगा. कुजबुजली तरी जिन्यापर्यंत ऐकू जायचं. पण त्या दिवशी तिनेही दार लोटलं, टॉवेल लावला आणि मग बोलायला तोंड उघडलं.

"पोलिसाशी बोलायचं नाही असं मी ठरवलंय. बस. काय विचारायचंय?"

"कॉफीचं सामान लेते कुठे ठेवायची?"

"ते मी मेले तरी सांगणार नाही." तिने दाराकडे एक नजर टाकली. "धुलाईच्या खोलीत. कपडे वाळवायच्या यंत्रामागे, पिशवीत. खोलीत ठेवलं तर फर्गलच्या झडतीत जाणार ना! तो दार वाजवतो आणि त्याच क्षणी चावी फिरवतो, नुसतं लाज काढायला. परवा मी माझा रापर, आमचं नेसायचं कापड, गुंडाळत होते, हा उभा!"

"कोणाला माहीत होती ती जागा?"

"लेते, मी, रुतेंडो. संपलं." ओमोलाराने कपाळ चोळलं. "कोळसे मात्र कुठून आले देव जाणे. लेते इथे कोळसा पेटवतच नव्हती. छोट्या विजेच्या चुलीवर करायची. शेगडीत फक्त लोबान जाळायची, चिमूटभर."

"कॉफी भाजली की वास किती राहतो?"

"अरे बाबा! दोन दिवस केसांतून जात नाही. म्हणून तर टॉवेल."

तय्यबने मान हलवली. चौदा नंबरमध्ये निलगिरीच्या बामाशिवाय कसलाच वास नव्हता.

"तुला बरं नाही का?" त्याने विचारलं. ती अजून कपाळ चोळत होती.

"आता बरं आहे. आठवडाभर मात्र डोकं फुटायचं. डॉक्टर म्हणाले टेन्शन. मी म्हटलं, टेन्शन कसलं, माझ्या सासरच्यांनी काहीतरी करून ठेवलंय! उपास केला, प्रार्थना केली, बघ, गेलं! रुतेंडो गेली त्या दिवसापासून डोकं शांत आहे. तिचा जीव घेऊन गेलं ते, तय्यब." तिचे डोळे भरले. "लेकरासारखी होती ती मला."

तय्यब जागच्या जागी थिजला. त्याचंही डोकं त्याच दिवसापासून शांत होतं. इतके दिवस तो समजत होता की निकालाच्या धास्तीने ठणकतंय. या मार्गिकेत प्रत्येक जण तेच समजत होता, आणि तक्रार केली तर तंबूत जावं लागेल म्हणून प्रत्येक जण दात दाबून गप्प बसला होता.

"ओमोलारा, त्या दिवसापासून आणखी काय बदललं इथे?"

"काय बदलणार? थंडीने कुडकुडतोय, बस." तिने शाल ओढली. "हीटिंग बंद केलंय ना मागच्या इमारतीचं. फर्गल म्हणतो, तेल संपलं."

४

झुराब मागच्या अंगणात फावड्याने पानं गोळा करत होता. जॉर्जियाच्या डोंगरातला हा धिप्पाड गडी फर्गलची फुकटात सगळी कामं करायचा. नळ, दिवे, कुलपं. त्या बदल्यात फर्गल त्याच्यासाठी वर चांगलं बोलणार होता. लोक त्याला पाठीमागे फर्गलचा बैल म्हणत.

"इन्स्पेक्टर आला!" त्याने फावडं टेकवून सलाम ठोकला. "सांगा, कोणाला फटके मारायचेत?"

"थकलो रे आता. तू मार." तय्यब भिंतीच्या कट्ट्यावर बसला. झुराबच्या उजव्या तळहाताला मळकं फडकं गुंडाळलेलं होतं. "हे काय झालं?"

"डबा उघडताना कापलं. स्वयंपाकघरात."

"वाळवायचं यंत्र तूच दुरुस्त केलंस ना मध्ये? फार चांगलं चालतंय."

"पट्टा बदलला फक्त."

"पट्टा मागच्या बाजूला असतो, नाही का? म्हणजे अख्खं यंत्र ओढायला लागलं असेल."

झुराबने फावडं पुन्हा उचललं, पण पानं राहिली एकीकडे आणि फावडं फरशीवर खरवडत राहिलं.

"रुतेंडो तुला मोजे विणून देणार होती म्हणे," तय्यब म्हणाला.

"जा इथून." झुराबने पाठ फिरवली. "जा, म्हाताऱ्या. तुला माहीत नाही तू काय करतोयस."

"तेल कधी येणार आहे?"

"मला काय माहीत! त्याला विचार!"

तो फावडं टाकून निघून गेला. तय्यब उठला आणि कोपऱ्यातल्या तेलाच्या टाकीकडे गेला. जमिनीवरची एक लांब काडी उचलली, झाकण फिरवलं आणि काडी आत सोडली. बाहेर काढली तर ती जवळपास वरपर्यंत ओली होती.

टाकी भरलेली असताना बायकापोरांना थंडीत कोण ठेवतं? ज्याला तो बॉयलर पेटवायची भीती वाटते तो.

बॉयलरची खोली तळमजल्यावर होती. दाराला नवं कोरं कुलूप. बरोबर वर चौदा नंबर, शेजारी पंधरा. तय्यब मागे सरकत अंगणाच्या टोकाला गेला आणि मान वर केली. खोलीच्या छपरातून धुराडं भिंतीलगत वर गेलं होतं, जुनं, गंजून तांबूस झालेलं. त्याच्या तोंडावर मात्र नवा पांढरा पत्रा ठोकलेला होता. चारही बाजूंनी घट्ट दुमडलेला, धूर बाहेर पडायला जागाच नाही. त्याच्या एका कोपऱ्यावर गडद डाग होता, पावसाने अर्धवट धुतलेला.

"छान हवा आहे ना, मित्रा?" मागून फर्गलचा आवाज आला.

५

फर्गलचं ऑफिस ऊबदार होतं. त्याने तय्यबला चहा दिला, बिस्किटं पुढे केली. हा माणूस कधीच ओरडायचा नाही, तेच वाईट होतं.

"तू हुशार आहेस. मला हुशार माणसं आवडतात. पण मागच्या अंगणात जायला बंदी आहे, हे तुला माहीत होतं."

"पाय मोकळे करायला गेलो होतो, साहेब."

"मग तर खूपच मोकळे होतील. उद्या सकाळी बस येतेय. तुझं नाव त्यात घातलंय. तंबू आहेत, पण हवा उत्तम." त्याने बिस्किट चहात बुडवलं. "आणि हे बघ, लेतेची मला खरंच दया येते. पण बाई कबूल झाली तर कोर्टही नरम पडतं. तू तिला तिच्या भाषेत समजावलंस तर बसमधून तुझं नाव काढतासुद्धा येईल."

तय्यबने हातातला कप खाली ठेवला. ओबेदमध्ये वरच्या साहेबाने असंच चहा पाजून एक कागद पुढे सरकवला होता, आणि त्यावर सही केली नाही म्हणून तो आज इथे होता.

"विचार करतो, साहेब."

"कर की. बस सकाळी आहे."

जिना चढता चढता तो हिशोब करत होता. पुरावा काय होता त्याच्याकडे? पत्रा होता, पण तो फर्गल हव्या त्या क्षणी उतरवू शकत होता. झुराब तोंड उघडणार नव्हता. राहता राहिली भीती. या घरात सगळे जण कशाला ना कशाला भीत होते, पण त्या खोलीची भीती, त्या बॉयलरची भीती, ज्यांना खरं ठाऊक होतं त्यांनाच असणार होती.

लेते त्याच्या दारात बसून वाट पाहत होती. सारोन तिच्या मांडीवर झोपली होती.

"काय झालं, अम्मो?"

"उद्या सार्जंटबाई आल्या की मी सांगेन तसं कर. आणि कितीही घाबरलीस तरी जागेवरून उठू नकोस."

६

सकाळी पावसाची भुरभुर होती. बस फाटकाशी उभी होती आणि तय्यबची बॅग झुराबच्या हातात होती. सार्जंट ब्रीडा लेतेला न्यायला आल्या. दमलेल्या दिसत होत्या, पण दुष्ट नव्हत्या.

"मॅडम, जायच्या आधी चौदा नंबरमध्ये थोडा वेळ बसूया का? जबानीत एक गोष्ट राहिली आहे."

"बस थांबणार नाही," फर्गल म्हणाला.

"थांबेल की," सार्जंटबाई म्हणाल्या आणि जिना चढू लागल्या.

खोली गारठलेली होती. शेगडी ठाण्यात गेली होती, पण लिनोलियमवर खडूचं वर्तुळ तसंच होतं. तय्यबने त्याच्यावर बोट ठेवलं.

"हात लावून बघा. पेटते कोळसे तासन् तास इथे होते म्हणतात. हे प्लास्टिक आहे, मॅडम. वितळायला हवं होतं. निदान काळं करपायला हवं होतं."

सार्जंटबाई वाकल्या. त्यांनी बोट फिरवलं, मग नख. मग त्यांनी टोपी काढून पलंगावर ठेवली आणि बसल्या.

"पुढे बोला."

"कॉफी भाजल्याचा वास नव्हता. कप एकच होता, आणि ही माणसं एका कपाची कॉफी कधीच मांडत नाहीत. ज्याने मांडली त्याला यांनी कधी आपल्यात बसवून घेतलं नव्हतं. मग वायू आला कुठून? मला वाटतं हीटिंग लावून बघावं. थंडीही आहे."

"तेल संपलंय," दारातून फर्गल म्हणाला.

"टाकी भरलेली आहे. काडी बुडवून पाहिली मी."

सार्जंटबाईंनी दाराकडे पाहिलं. "झुराब, चालू कर."

झुराबने फर्गलकडे पाहिलं. फर्गल हसला, पण त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "कर ना. कर," तो म्हणाला. झुराब बॅग ठेवून खाली गेला. थोड्या वेळाने भिंतीतले नळ कण्हले आणि पलंगाशेजारचा रेडिएटर टकटक करू लागला. नळ जिथून जमिनीतून वर आला होता तिथे भोवती बोटभर फट होती.

"या ना साहेब, आत या," तय्यब म्हणाला. "बसा. कोळसा नाही, शेगडी नाही. लेतेच्या शेगडीने रुतेंडो मेली असेल, तर आपल्याला काहीच होणार नाही."

"मी इथे बरा आहे."

"दार लावायचंय."

"लावा की. मी बाहेर थांबतो."

तय्यबने टॉवेल भिजवून आणला होता. तो गुडघ्यावर बसला आणि टॉवेल फटीकडे सरकवू लागला. स्वतःच्या हाताने हे करताना त्याला ते लाल ओठ दिसत होते. लेते पलंगाच्या कडेला डोळे मिटून बसली होती.

इतक्यात फर्गलच्या बगलेखालून सारोन आत सटकली आणि आईच्या मांडीवर जाऊन बसली. हे तय्यबच्या हिशोबात नव्हतं. टॉवेल त्याच्या हातातून सुटला. पण तो उठायच्या आधीच जिन्यावरून पावलं धडधडत आली.

झुराबने फर्गलला बाजूला लोटलं. टॉवेलला लाथ मारली, दोन ढांगांत खिडकी गाठली. खिडकीला खिट्टी मारलेली होती. त्याने फडकं बांधलेल्या हाताने काचच फोडली.

"बाहेर! पोरीला बाहेर काढा! सगळे बाहेर व्हा, तुमच्या पाया पडतो!"

काचा खाली पडल्या. गार वारा आत आला. झुराब खिडकीखाली मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

तय्यबनेच सारोनला उचलून मार्गिकेत नेलं, मग लेतेला. सार्जंटबाईंनी खाली धावत जाऊन बॉयलर बंद केला. परत आल्या तेव्हा झुराब बोलत होता. आता त्याला थांबवणं कोणालाच शक्य नव्हतं.

"वाऱ्याने बॉयलर विझायचा. हा म्हणायचा, काहीतरी कर, माणूस बोलवायला परवानगी नाही. आमच्या गावात हिवाळ्यात धुराड्याच्या तोंडावर पत्रा घालतात, वारा उलटा येऊ नये म्हणून. लाकडाची चूल असते आमची, तिचा धूर घरात आला तर डोळ्यांना कळतो, माणूस उठून पत्रा सरकवतो. मी आधी अर्धा घातला. त्या दिवशी वादळ होतं, मग पूर्ण ठोकला, हात तेव्हाच कापला. हा धूर दिसतच नाही हे मला कुठे माहीत होतं?" त्याने नाक पुसलं. "ती गेल्यावर हा मला म्हणाला, तू मारलंस तिला. आधी तुरुंग, मग विमान. नाहीतर यंत्रामागची ती पिशवी आण, तुला माहीत आहे ना कुठे आहे ती. यंत्र दुरुस्त करताना मला ती दिसली होती, मीच त्याला सांगितलं होतं. उन्हाळ्यात मांस भाजून उरलेले कोळसे आणि राख त्यानेच काढून दिली. एक कप ठेवला मी. मला वाटलं पुरे."

लेते त्याच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग होता, आणि आणखीही काही होतं जे तिला नको होतं.

"या माणसाला देशाबाहेर जायचं नाहीये, तो काहीही सांगेल," फर्गल अजून मार्गिकेतच उभा होता. "त्याचा शब्द आणि माझा शब्द. कोणाचा धरणार आहात?"

"पत्रा आहे वर, त्याच्यावर याचं रक्त असणार. तेलाची टाकी आहे," सार्जंटबाई म्हणाल्या. "आणि एक मी स्वतः पाहिलंय. आम्ही सगळे आत बसलो, एक लहान मूल आत गेलं, तरी तुम्ही उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाहीत. का, मिस्टर फर्गल?"

फर्गलने जिन्याकडे पाहिलं. मार्गिकेतली दारं एकामागून एक उघडली होती. बारा नंबरच्या दारात ओमोलारा उभी होती, आणि ती मोठ्याने म्हणाली, "बोल ना, मित्रा!"

फर्गल आणि झुराब, दोघांनाही पोलिसांच्या गाडीत बसवलं. काचेतून झुराबने तय्यबला खूण केली.

"इन्स्पेक्टर, मला परत पाठवतील का?"

तय्यबला काहीतरी बरं सांगायचं होतं. "माहीत नाही रे," तो म्हणाला. "पण खिडकी तू फोडलीस, हे मी सांगेन. जिथे विचारतील तिथे सांगेन."

बस त्याला न घेताच गेली. साक्षीदाराला हलवता येत नाही, असं सार्जंटबाईंनी ड्रायव्हरला ऐकवलं होतं. निकाल त्याचाही यायचा होता आणि लेतेचाही. नवा मॅनेजर कसला येईल कोण जाणे. भीती काही एका दिवसात घर सोडून जात नाही.

दुपारी लेतेने विजेची चूल खोलीच्या दारात मांडली आणि कॉफी भाजायला घेतली. उघड्यावर. वास मार्गिकेभर पसरला, जिन्याने खाली गेला. सगळे कप काढले होते, आणि त्यांच्यात एक चहाचा मग होता, निळ्या कडेचा, रुतेंडोचा. लेतेने त्यात चहा ओतला आणि तो कोणाच्याही समोर न ठेवता मध्ये ठेवला.

"अम्मो, ये," ती म्हणाली. "आज पहिली फेरी पोलिसाची."

तय्यब खोलीतून निघाला. निघताना सवयीने वाकला आणि टॉवेल पायाने दाराखाली सरकवायला लागला. मग थांबला. टॉवेल उचलला, पिळला, आणि खिडकीच्या कडीवर वाळत घातला. दार त्याने उघडंच ठेवलं.